पाव किलोत 157 काजू

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी काजू मोजले. दोनदा. पहिल्यांदा 156 भरले, दुसऱ्यांदा 157. एक डब्याच्या झाकणाला चिकटून राहिला होता. तोपर्यंत पैसे देऊन चार दिवस उलटले होते आणि आठांपैकी सात डबे पुण्याला पोचले होते.

जानेवारीत दादा-वहिनी पुण्याहून आमच्याकडे गोव्याला आले. किनारे त्यांचे दहादा पाहून झालेले, म्हणून यंदा डिचोलीकडे नेलं. बुधवार असल्यामुळे बाजारही मिळाला, वहिनींनी मातीची दोन मडकी घेतली. मग नार्व्याला सप्तकोटेश्वर. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये हे देऊळ पुन्हा बांधायला लावलं, त्याचा शिलालेख तिथं आहे. दादा त्याच्यासमोरून हलेचना. संध्याकाळी मये तलाव. डोंगरांच्या मधोमध निवांत पाणी, पायडलच्या बोटी. तलावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

गाडीपाशी परत आलो तर तिथं उभ्या असलेल्या एकाने आपण होऊन विचारलं, काजू घ्यायचेत का, पुढे वळणावर चांगलं दुकान आहे, गावचे लोकही तिथंच घेतात. त्याला काही मिळत होतं की नाही, कोण जाणे. वहिनींना बँकेतल्या मैत्रिणींना वाटायला काजू हवेच होते. फोंड्यात बागायतदार बाजार हे सहकारी दुकान घरापासून दहा मिनिटांवर असताना मी त्या वळणावर का उतरले, हे आमचे हे अजून विचारतात.

दुकानदाराने आधी दादाशी हिंदीत सुरुवात केली. मी कोंकणीत भाव विचारला तसा त्याचा चेहरा खुलला. "फोंड्याची? मगीर आमचींच मगो तुमी!" भाव लगेच सोळाशेवरून चौदाशेवर आला. काचेच्या बरणीतून त्याने एकेक काजू हातावर ठेवला. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा, पांढराशुभ्र, गोड. "एकशेऐंशी नंबर. ताजे, नव्या मोसमाचे."

इथं माझे कान टवकारायला हवे होते. आमच्याकडे बिया मिळतात त्या मार्च ते मे. जानेवारीत झाडांना कुठं मोहर, कुठं बारीक फळ. ज्या बाईच्या माहेरी दरवर्षी अंगणात काजूबिया वाळत पडतात, तिने हे ऐकून मान डोलावली!

डबे त्याने आतून आणले. प्लास्टिकचे, जाडसर, भरलेले, वर 'अस्सल गोव्याचे काजू' असं स्टिकर. पॅक केल्याचा महिना नाही, पत्ता नाही, अन्नपरवान्याचा नंबर नाही. प्रत्येक डबा त्याने काट्यावर ठेवून दाखवला: 250, 250, 250. आठ डबे, 2,800 रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं तर टॅक्स लावावा लागेल, तुमच्याकडून कशाला घेऊ? आणि वर, "सप्तकोटेश्वराच्या पांयांकडेन बसून तुमकां फटोवन आमी खंय वतले?" म्हणजे, तुम्हाला फसवून आम्ही जाणार कुठे? हे ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं. पैसे क्यूआरवर गेले, कुणा बाईच्या नावावर. त्याच्या बायकोच्या असतील, म्हटलं.

आमच्यासाठी ठेवलेला डबा मी चार दिवसांनी उघडला. काजू बारके होते, बरणीतल्यांच्या निम्म्यानेही नसतील. शेजारचे काका पूर्वी काजूच्या कारखान्यात होते. त्यांनी सांगितलं, नंबर म्हणजे एका पौंडात, साधारण 453 ग्रॅममध्ये, बसणारे काजू. एकशेऐंशी नंबरचे पाव किलोत शंभराच्या आतच बसतात. तीनशेवीस नंबरचे पावणेदोनशेपर्यंत जातात. मग मी मोजायला बसले. 157 म्हणजे तीनशेवीस नंबर, आणि तोही पुरता पाव किलो नव्हे. रिकामा डबा काट्यावर ठेवला: 22 ग्रॅम. काटा खोटा नव्हताच. त्याने फक्त डबा धरून वजन केलं होतं, रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला नव्हता. आठ डब्यांत 176 ग्रॅम प्लास्टिक मी काजूच्या भावाने घेतलं. काजू गोव्याचे होते का, हे तर विचारूच नका. इथले कारखाने आफ्रिकेतून आलेल्या बियाही फोडतात, काका म्हणाले. सोललेला गर बघून मला तरी फरक सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी डबा घेऊन आम्ही दोघं गेलो. त्याने ओळख दाखवली नाही. या खेपेला तो माझ्याशीही हिंदीतच बोलला. आमच्या डब्यावर दुकानाचं नाव नव्हतं, हातात बिल नव्हतं, आणि पैसे ज्या बाईच्या नावावर गेले तिला तो ओळखतच नव्हता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. बघू.

म्हणून सांगते, तळ्याकडे जा, नार्व्यालाही जा. काजू घ्यायचेच असतील तर चव घेतलेल्या बरणीतूनच समोर भरून घ्या, रिकामा डबा ठेवून काटा शून्य करायला लावा आणि छापील बिल घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका. भाषा कुठलीही बोला.

वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही. मैत्रिणींना काजू फार आवडले म्हणे. परवा फोन आला होता, आणखी दोन किलो त्याच दुकानातून पाठव.