कानाचं पाचपट मोठं मॉडेल – वर्गात वर्षभर वापरल्यानंतर

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. हे मॉडेल शाळेने घेतलं त्याला आता वर्ष होत आलं, सगळ्या तुकड्यांच्या हाताखालून गेलंय, तर लिहायला हरकत नाही. स्टँडवर बसवलेलं, पाळी आणि नळी फिक्स, पडदा आणि तिन्ही हाडं निघतात, आतला कान अख्खा उचलून बाहेर काढता येतो.

मध्यकर्णापर्यंत, म्हणजे पडदा आणि त्यामागच्या तीन हाडांपर्यंत, एक नंबर. नुसत्या आकृतीवरून शिकवलं तर पोरं हातोडी, ऐरण, रिकीब घोकतात, पण एक हाड हललं की पुढचं हलतं हे डोक्यात जात नाही, इथं हातात आल्यावर लगेच जातं. मॉडेलमधली रिकीब दीडेक सेंटिमीटरची आहे, खरी जेमतेम 3 मिलिमीटर, हे सांगितलं की सगळे पट्टी काढून बघायला लागतात. मग मी पडद्याशेजारी रिकिबीचा तळ धरतो आणि विचारतो, एवढ्या पडद्यावरचा जोर एवढ्याशा तळावर आला तर दाबाचं काय होईल? क्षेत्रफळात साधारण 17 पटींचा फरक, वर हाडांच्या तरफेचे 1.3 पट, गुणाकार 22 च्या आसपास जातो. आतल्या कानात द्रव आहे, हवेतला आवाज द्रवावर आदळला की बहुतेक परत फिरतो, म्हणून ही सगळी खटपट. दाबाचं सूत्र पोरांचं आधीच झालेलं असतं त्यामुळे हा तास मस्त रंगतो.

बोंब आहे ती कॉक्लियाची, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या वेटोळ्याची. बाहेरून सुंदर गोगलगाय, पण बंद. नववीतल्या एका मुलीने तो भाग हातात फिरवून विचारलं, "सर, पण यात ऐकणारं नेमकं काय आहे?" आणि मॉडेलमध्ये दाखवायला काहीच नाही! वर उलटाच समज होतो. वेटोळं मुळाशी जाड आणि टोकाला बारीक, त्यामुळे पोरांना वाटतं जाड भागात जाडा आवाज आणि टोकाला बारीक आवाज. प्रत्यक्षात वेटोळ्याच्या आत लांबच लांब एक वेगळा पडदा असतो, तो मुळाशी अरुंद आणि ताठ असतो, तिथे उंच पट्टीचे स्वर उमटतात, आणि टोकाकडे तो रुंद आणि सैल होत जातो, तिथे खर्जातले.

यावर मी कागदाची पट्टी वापरतो. खरा पडदा उलगडला तर साधारण 35 मिलिमीटर, म्हणून दहापट करून 35 सेंटिमीटरची पट्टी, एक टोक अगदी चिंचोळं आणि दुसरं त्याच्या पाचेक पट रुंद. वर स्वरांचे आकडे लिहायचे, चिंचोळ्या टोकाला 20,000 हर्ट्झ, रुंद टोकाला 20, मग अडीच वेढ्यांत गुंडाळायची, रुंद टोक आत. फुकटातली पट्टी मॉडेलपेक्षा जास्त शिकवून जाते, काय बोलणार. हे संशोधन गेओर्ग फॉन बेकेशी यांचं, त्यांना 1961 चं नोबेल मिळालं, तेही सांगून टाकतो.

पट्टी झाली की मोबाईलवरचं टोन जनरेटर ॲप, आवाज अगदी कमी ठेवून. 12 हजाराच्या पुढे माझ्याकडे सामसूम आणि पोरं "सर बंद करा ना" म्हणून कान झाकतात, वर्गात हशा. वय वाढलं की साधारणपणे मुळाकडचं टोकच आधी जातं. एका कानात केसपेशी, म्हणजे या आतल्या पडद्यावरच्या आवाज टिपणाऱ्या पेशी, सगळ्या मिळून पंधराएक हजार, आणि माणसात त्या मेल्या की परत येत नाहीत, हे याच वेळी सांगितलं तर हेडफोनवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

ट्यूनिंग फोर्क सोबत हवाच. दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा, आवाज विरला की तोच फोर्क कानासमोर धरायचा, परत ऐकू येतो. मध्यकर्ण काय कामाचा हे यातून कळतं.

किरकोळ तक्रारी: पडदा कडक प्लास्टिकचा, हलत नाही. रिकिबीची खुंटी पहिल्या सत्रातच सैल झाली, आता चिकटपट्टीचा एक वेढा देऊन बसवतो. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या मात्र फार छान केल्यात, तीन वेगळ्या दिशा लगेच दिसतात. नवीन घेणार असाल तर कॉक्लिया मधून उघडणारं मॉडेल मिळतं, तेच मागा.