कॅनडा पीआरची मेडिकल: जुना टीबी असताना काय काय होतं, इथे येऊन काही महिने झाल्यावर लिहितेय

आम्ही पुण्यातून एक्सप्रेस एंट्रीने (कुशल नोकरदारांसाठीची कॅनडाची ऑनलाइन अर्जाची पद्धत) पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, केलं, आता कॅनडातल्या ओंटारियोत आहोत. त्यासाठी लागणाऱ्या आरोग्य तपासणीबद्दल, म्हणजे मेडिकलबद्दल, एवढंच म्हणेन की प्रकार सरळ आहे, पण छातीच्या एक्स-रेवर जुना डाग असेल तर वेळ हाताशी ठेवा आणि तोवर नोकरीचा राजीनामा देऊ नका.

माझ्या नवऱ्याला कॉलेजात असताना टीबी झाला होता, सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या घेऊन पूर्ण बरा झाला. नातेवाइकांपैकी दोघातिघांनी सांगितलं की कशाला बोलता, विचारलं तर नाही म्हणा. आम्ही ऐकलं नाही, कारण एकतर डाग एक्स-रेत दिसतोच आणि खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. ट्रीटमेंटचं कार्ड, जुन्या फिल्म, डिस्चार्जचा कागद सगळं घेऊन गेलो आणि डॉक्टरांनी ते नीट बघून रिपोर्टमध्ये लिहिलं.

मेडिकल आपल्या फॅमिली डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडाच्या यादीतल्या पॅनल फिजिशियनकडेच करावी लागते. पासपोर्ट, चष्मा, चालू औषधांची यादी न्या. बायकांनी पाळीचे दिवस टाळून अपॉइंटमेंट घ्यावी, युरिनचा रिपोर्ट बिघडतो, आणि तपासताना सोबत बाई हवी असेल तर बिनधास्त मागा. मुलगा आठ वर्षांचा, त्याचं फक्त वजन-उंची, तपासणी आणि युरिन, कारण एक्स-रे 11 वर्षांपासून आणि रक्त 15 पासून.

नवऱ्याच्या एक्स-रेनंतर थुंकीची टेस्ट सांगितली. लागोपाठ तीन सकाळी उपाशीपोटी जाऊन तिथेच नमुना द्यायचा, आणि मग कल्चर, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढतो का ते बघणं, त्याला आठ आठवड्यांपर्यंत लागतात कारण टीबीचा जंतू वाढतोच हळू, पैसे देऊन किंवा फोन करून ते लवकर होत नाही. तो काळ खरंच अवघड गेला, घरात कुणी साधं खोकललं तरी पोटात गोळा यायचा. सगळे नमुने निगेटिव्ह आले.

आमच्या वेळी अर्ज भरल्यावर मेडिकलचं पत्र यायचं, पण 21 ऑगस्ट 2025 पासून एक्सप्रेस एंट्रीवाल्यांना अर्ज सबमिट करायच्या आधीच करावी लागते. अर्ज करायचं आमंत्रण आल्यावर 60 दिवस मिळतात, त्यात कल्चर बसणार कसं म्हणून घाबरू नका, अर्जाला जोडायचा असतो तो मेडिकल झाल्याचा क्लिनिकने दिलेला कागद, रिझल्ट ते स्वतः ऑनलाइन पाठवतात.

पीआर मिळालं पण सोबत मेडिकल सर्व्हेलन्सचा कागद आला, म्हणजे इथे उतरल्यावर 30 दिवसांत पब्लिक हेल्थशी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य खात्याशी, संपर्क करायचा. हे वाचून लोकांना वाटतं की मागे ससेमिरा लागणार. तसं काही झालं नाही, नर्सचा फोन आला, परत एक्स-रे झाला, डॉक्टरांनी बोलून घेतलं आणि इतक्या आपुलकीने की मला बरं वाटलं. शाळा, नोकरी, कशालाही आडकाठी आली नाही. फक्त ते टाळू नका, ती पीआरची अट असते.

अजून एक, शुगर-बीपीने रिजेक्ट होतं ही भीती काढून टाका. माझं बीपी गोळीवर आहे, डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहून घेतलं आणि झालं. अडतं ते एखाद्याच्या उपचारांचा सरकारवरचा खर्च ठराविक मर्यादेच्या वर जाणार असेल तर, ती मर्यादा 2018 मध्ये तिप्पट केली आणि 2024 ला वर्षाला 26,220 डॉलर होती. म्हणून किडनीचा त्रास असलेल्यांनी जुने रिपोर्ट आणि आपल्या डॉक्टरांचं पत्र नक्की न्यावं, रक्तात क्रिएटिनिन बघतातच.

आणि नवरा, बायको किंवा मूल आत्ता सोबत येणार नसेल, भारतातच राहणार असेल तरी त्यांची मेडिकल करून घ्या. अर्जात त्यांना दाखवलं नाही किंवा तपासणी टाळली तर पुढे त्यांना बोलवून घेताना स्पॉन्सरशिपच अडकते.