दैनिकातली नोकरी की स्वतःचं यूट्यूब चॅनेल?

सोलापुरात पत्रकारितेत उतरणाऱ्यापुढे हे दोन रस्ते. दैनिकात पगार बेताचा, पण बातमी उपसंपादकाच्या नजरेखालून जाते. चॅनेलवर संपादकही तुम्हीच आणि जाहिराती मिळवणारेही तुम्हीच. लांब व्हिडिओंवर जाहिरातीचे पैसे हवेत तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा दाखवून तो जमेलही. पाणीपुरवठ्याच्या बातमीवर कठीणच!

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रेसनोटची बातमी मिनिटात होते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक यंत्रमाग कामगाराच्या दारात बसून तेलुगूत गप्पा मारायला मात्र माणूसच लागतो, मग रस्ता कुठलाही असो. नवख्याला मी आधी दैनिकच सुचवेन. महापालिकेचं बजेट वाचायला शिकवणारं कुणीतरी तिथे भेटतं.