रिकंडिशन्ड अल्टरनेटर, नऊ महिन्यांनी: शिव्या लिहायला बसलो होतो

गेल्या मंगळवारी रात्री सायनच्या सिग्नलला धो धो पाऊस. एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला व्होल्टमीटर १२.४ दाखवतोय. नऊ महिने तिथे १४.२ दिसायचं. अल्टरनेटरची (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) गॅरंटी होती सहा महिन्यांची. घरी येऊन ओल्या कपड्यांनिशी रिव्ह्यू लिहायला घेतला, त्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या त्या दुकानदाराच्या सात पिढ्या निघाल्या होत्या. बरं झालं पोस्ट केला नाही.

मागचं थोडक्यात. ऑक्टोबरमध्ये गाडीचा सेल्फ जड फिरायला लागला, मग एके दिवशी नुसतं खटखट. सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलायला लावली, ५,२०० रुपये. चार दिवसांनी पुन्हा तेच. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १२.३. तिथे १३.८ ते १४.४ हवेत, म्हणजे चार्जिंगच नाही. मग म्हणाले, अल्टरनेटर गेला, पूर्ण असेंब्ली १६,८००, आम्ही आतले कार्बन-रेग्युलेटर सुटे बदलत नाही. बारा वर्षांच्या गाडीत एवढे पैसे घालायला मी वेडा नाही. कुर्ल्यात जुना देऊन रिकंडिशन्ड घेतला ४,८०० ला. नवे कार्बन, नवं बेअरिंग, नवा कट-आउट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर). (मधल्या काळात नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'टेस्ट' करायचा प्रयत्न केला. हात धरला त्याचा. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला असता तर काय त्याने भरून दिला असता?)

वस्तू चांगली निघाली हे तेव्हाच लिहायला हवं होतं. आवाज नाही, बेल्टची किरकिर नाही. मीटर एसी व्होल्टवर (हा एसी म्हणजे उलटसुलट करंट) ठेवून अल्टरनेटरमधले, त्या करंटचा डीसी करणारे डायोडही तपासले, बॅटरीवर ०.०४. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोड संशयास्पद.

पण खरा हिरो तो व्होल्टमीटर. लॅमिंग्टन रोडवर २२० रुपयांना घेतला, बायको म्हणाली आणखी एक खेळणं. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा ०.१ कमी दाखवतो, ते मी मनात धरतो. डॅशबोर्डवरचा लाल बॅटरी दिवा मंगळवारी पेटलाच नाही! चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, म्हणजे दिवा शाबूत. हे खेळणं नसतं तर थेट घाटकोपरच्या पुलावर गाडी बंद पडल्यावरच कळलं असतं. आता मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतो, हा एक तोटा.

बुधवारी भांडायच्या तयारीनेच कुर्ल्याला गेलो. दुकानदार चाचांनी गॅरंटीचा कागद पाहिलासुद्धा नाही. लाइट, एसी लावायला सांगितलं. मीटरची एक पिन डायनामोच्या (म्हणजे अल्टरनेटरच्याच) मोठ्या बोल्टवर, दुसरी त्याच्याच बॉडीवर. १४.३. मग बॅटरीच्या दोन टोकांवर. १२.६. "माल तो बना रहा है, पहुँच नहीं रहा." बॅटरीची मायनस आणि इंजिन यांच्यात मीटर लावला, तिथे १.४ व्होल्ट. ०.२ च्या आत हवं. इंजिन आणि बॅटरीची मायनस जोडणारी अर्थिंगची पट्टी इंजिनला जिथे आवळतात तिथे आतून हिरवी पडून सडली होती. मुंबईची हवा, दुसरं काय! नवी पट्टी, घासलेला बोल्ट, वर ग्रीस, सगळे मिळून ३५० रुपये. सेल्फ पहिल्यासारखा एका झटक्यात.

तर दुकानाला पाच तारे, आणि मनातल्या मनात माफी.

परतताना मात्र ऑक्टोबर आठवला. तेव्हाही सेल्फ जड होता. तेव्हाही लाल दिवा एकदाही लागला नव्हता. अल्टरनेटर बसवताना मेकॅनिकने तीच अर्थिंगची पट्टी काढून पुन्हा आवळली होती, बहुधा त्यानेच चार्जिंग परत आलं; मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. डायनामोच्या बॉडीवर पिन लावून तेव्हा कुणीच बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

५,२०० अधिक ४,८००. आणि माझा जुना, बहुधा ठणठणीत असलेला अल्टरनेटर मी चाचांना एक्स्चेंजमध्ये देऊन आलोय. बायकोला अजून फक्त ३५० रुपयेच सांगितलेत.