क्राउस कुठला बरा: पुस्तकातला की पडद्यावरचा?

स्लोव्हाक लेखक दोमिनिक दान हे टोपणनाव. त्यामागच्या माणसाने स्वतः पोलिसात राहून खुनांचा तपास केलाय, त्यामुळे पोलीस तपासनीस क्राउसच्या ‘चेर्वेनी कापितान’ (लाल कॅप्टन) या कादंबरीत चौकीतली टवाळी, वरिष्ठांची कटकट, कागदपत्रं सगळं अस्सल उतरलंय. शहराला नाव नाही, नुसतं ‘आपलं शहर’; स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा लपत मात्र नाही.

तिच्यावरचा २०१६चा चित्रपट वेगळाच. साल १९९२, चेकोस्लोव्हाकिया फुटायच्या बेतात. उकरलेल्या प्रेताच्या कवटीत खिळा सापडतो आणि धागे कम्युनिस्ट काळातल्या गुप्त पोलिसांपर्यंत जातात. क्राउस झालाय पोलिश नट माचेय श्टूर. काम चोख, पण चित्रपट फारच गंभीर. दानचा काळा विनोद बराचसा गळालाय. स्लोव्हाक येत नसेल तर सबटायटल्स लावून चित्रपट बघा. येत असेल तर आधी पुस्तकच!