आवाज तोच, पण पोहोचला फक्त शेवटच्या दोन गाण्यांत

या गायकाचे अल्बम हेडफोनवर ऐकणाऱ्यांना त्याची खासियत ठाऊक आहे. तो जेमतेम बोलण्याइतक्या पट्टीत गातो, शब्द संपताना श्वास हलकेच सोडतो, आणि तो श्वासही गाण्यातच धरलेला असतो. दोन तासांच्या कार्यक्रमात नेमकं तेच ऐकू आलं नाही. सूर पक्के होते, वादक तयारीचे होते. घात केला तो साउंडने.

स्टुडिओत असा हळुवार गळा टिपता येतो, कारण खोलीत दुसरं काही वाजत नसतं. मंचावर गायकाच्या मागे चार पावलांवर ड्रम असतात आणि जवळून त्यांची पातळी सहज 100 डेसिबलच्या वर जाते. साधं बोलणं एक मीटरवरून 60 च्या आसपास असतं. त्यामुळे गायकाच्या माइकचा आवाज वाढवला की त्यातून सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजाही वाढतात. त्यात गायक माइक ओठांपासून कधी दोन, तर कधी आठ सेंटिमीटरवर धरत होता. अंतर चौपट झालं की पातळी सुमारे 12 डेसिबलने घसरते, आणि जवळच्या माइकमुळे आवाजाला येणारा खर्जाचा भरीवपणाही जातो. तिसऱ्या गाण्यात त्याने माइकची जाळीच मुठीत धरली. जाळीखालच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंचा आवाज ओढतो, म्हणून स्पीकरमधून लगेच शिट्टी वाजली. ती थांबवायला गायकाच्या आवाजाचा फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली आला आणि पुढची दोन गाणी तो तिथेच राहिला. हे मात्र अक्षम्य आहे.

ड्रमपुढे पारदर्शक शील्ड, काठ्यांऐवजी ब्रश, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरऐवजी कानातले इन-इअर: एवढ्यानेही बरंच निभावलं असतं. बास आणि कीबोर्ड 200 ते 400 हर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढले होते, तर शब्द ज्यामुळे कळतात ती व्यंजनं जिथे असतात, त्या 2 ते 4 किलोहर्ट्‌झवर इलेक्ट्रिक गिटारने ठाण मांडलं होतं. आवाज कमी नव्हता, उलट कानठळ्या बसत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मानकानुसार अशा ठिकाणी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपेक्षा जास्त नसावी. मर्यादा पाळली तरी शब्द आपोआप कळत नाहीत, ते मिक्सिंगचं, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल जुळवण्याचं काम.

जुन्या पाच गाण्यांची मेडली केली होती. नुसते मुखडे, अंतरे गायब. चाहते अंतऱ्यांसाठीच येतात.

याच दौऱ्याचं तिकीट काढणार असाल तर मिक्सिंग कन्सोलच्या जवळ, मधोमध बसा. साउंड तिथे बसूनच जुळवतात. अगदी पुढच्या रांगांत ड्रमचा थेट आवाज स्पीकरवरही मात करतो. बाल्कनीखालच्या मागच्या रांगाही टाळा, तिथे शब्दांची धार बोथट होते. फोमचे इअरप्लग तारस्वर जास्त दाबतात. सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करणारे, खास संगीतासाठीचे घ्या.

शेवटच्या दोन गाण्यांना ड्रमर उठून विंगेत गेला. उरला गायक आणि एक अकूस्टिक गिटार. हॉल तोच, माइक तोच, हात मात्र आता जाळीच्या खाली, दांड्यावर. पहिल्याच ओळीनंतर सोडलेला श्वास शेवटच्या रांगेपर्यंत आला.