नोट्स पीडीएफमध्ये द्याव्यात की सरळ पानावर?

ऑनलाइन नोट्स-गृहपाठ देण्यासाठी कॉलेजने मूडल ही प्रणाली घेतलीय की गुगल क्लासरूम, यावर स्टाफरूममध्ये बराच काथ्याकूट होतो. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आत शिरल्यावर पडतो: नोट्स कोणत्या रूपात ठेवायच्या? पीडीएफ चढवून मोकळं व्हायचं, की मजकूर सरळ पानावर टाकायचा, म्हणजे मूडलमध्ये ‘पेज’ आणि क्लासरूममध्ये गुगल डॉक? मी अकरावी-बारावीला मराठी माध्यमातून पुस्तपालन शिकवतो. मुलं जवळजवळ सगळं मोबाइलवर वाचतात. दोन्ही प्रकार वापरून झालेत. माझं मत तेवढ्यापुरतं धरा.

पीडीएफची बाजू लंगडी नाही. एकदा उतरवून घेतली की रेंज नसली तरी उघडते. झेरॉक्सवाल्याकडे जशीच्या तशी छापून येते. ‘पान ७ काढा’ म्हटलं की सगळा वर्ग पान ७ वर असतो. शिक्षकाला कामही कमी. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या तयार फाइली आहेत, त्यांना ‘सगळं पुन्हा पानावर घ्या’ सांगणं मला जड जातं.

तरीही माझं मन फिरलं ते एका कटकटीमुळे. आमच्याकडच्या जुन्या नोट्स डीटीपीवाल्याकडे टाइप झालेल्या, म्हणजे जुन्या फॉन्टमधल्या. त्या फॉन्टात अक्षर फक्त दिसायला देवनागरी; फाइलच्या पोटात रोमन अक्षर बसलेलं असतं. कृतिदेवमध्ये ‘कमल’ लिहायला डी, ई, वाय या कळा दाबतात. आपल्या डोळ्यांना कमल दिसतं, मोबाइलच्या टॉकबॅकला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीला, मात्र डी-ई-वाय. माझ्या वर्गातल्या एका दृष्टिहीन मुलाने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “सर, हे काय बोलतंय?” ती रोजकीर्दीची व्याख्या होती, आणि फोन इंग्रजी अक्षरांचा रतीब घालत होता.

युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातही देवनागरीच राहील अशा पद्धतीने, टाइप केलं की झालं, असं तुम्ही म्हणाल. पीडीएफमध्ये ते अर्धंच होतं. एखाद्या मराठी पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षर फुटतं. जे चिकटवल्यावर दिसतं, साधारण तेच त्या मुलाला ऐकू येतं. स्कॅन केलेल्या पानांचं तर विचारूच नका, तो नुसता फोटो. पीडीएफ सुगम, म्हणजे दृष्टिहीनांनाही वापरता येईल अशी, करता येते, त्यासाठी २०१२ पासून पीडीएफ/यूए नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण चार तास घेऊन आलेला कोणता शिक्षक ‘हे शीर्षक, हा तक्ता’ असे टॅग लावत बसणार?

पानावरचा मजकूर यातलं फारसं काही मागत नाही. युनिकोडमध्ये लिहा, तो वाचला जातो. ज्यांना नीट दिसतं त्यांचाही फायदा आहे: अक्षर मोठं केलं तरी ओळ स्क्रीनमध्येच वळते, अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे सरकवावी लागत नाही. चूक सापडली तर जागेवर दुरुस्त होते. ग्रुपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच बघा’ अशा तीन फाइली फिरत नाहीत.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे. संपादकातल्या यादीतून ‘हेडिंग’ निवडलं, तरच ऐकणारा मुलगा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. नाहीतर घसाऱ्यापर्यंत पोचायला त्याला पहिल्यापासून सगळं ऐकावं लागतं. मूडलच्या संपादकात सुगमता तपासायचं बटण आहे. चित्राला वर्णन नसेल किंवा रंग फिका असेल तर ते दाखवून देतं. मी प्रकाशित करण्याआधी दाबतोच.

तक्त्यांच्या बाबतीत मी अजून पूर्ण पानाच्या पारड्यात नाही. ताळेबंद अरुंद स्क्रीनवर चेपतो, नावे-जमा बाजू शेजारी-शेजारी दिसल्याशिवाय नवख्या मुलांना खातं कळत नाही. तेवढ्यापुरती पीडीएफ जोडतो, आणि तोच तक्ता पानावर शीर्षक-ओळ नेमून देतो. टॉकबॅकवाल्यांसाठी दोन्ही बाजू एकाखाली एक, वेगळ्या तक्त्यांत. दुप्पट काम आहे, नाकारत नाही.

तुमचा वर्ग लॅपटॉपवर वाचत असेल आणि नोट्स छापूनच घेत असेल, तर पीडीएफने बिघडणार नाही. नाहीतर पुढच्या धड्यापासून पान करून बघा, जुन्याला लगेच हात लावू नका. जुनं हवंच असेल तर स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी बऱ्यापैकी ओळखून मजकूर हाती येतो. आकडे तेवढे मूळ प्रतीशी ताडून घ्या. एक शून्य गळालं तर मुलं रात्रभर तेरीज जुळवत बसतील.